दंडावरचा बिल्ला

समई अर्धी घासून झाली होती. नवरात्रात नऊ दिवस अखंड तेवलेली समई, तेलाने चिकट आणि काजळीने काळीठिक्कर पडलेली. दसरा कालच झाला. आज ती घासूनपुसून पुन्हा देवघरात उभी करायची, हा प्रेमलाचा दरवर्षीचा नेम. मागच्या पडवीत पाटावर बसून तिने वरचा मोर आणि पणती चिंचेच्या कोळाने चोळून पिवळीधमक काढली होती. खालचा दांडा आणि बैठक अजून तशीच काळी. कोपरापर्यंत हात माखलेले, ओठांत देवीचं नाव, आणि तेवढ्यात खिडकीत ठेवलेला तिचा मोबाइल वाजला.

मितेश. तिचा मुलगा हैदराबादला नोकरीला होता आणि कामाच्या वेळात तो कधी फोन करत नसे.  हात धुवायला न थांबता तिने करंगळीने फोन घेतला.

“मम्मी, आजीचा आकडा दिसत नाहीये.”

“दिसत नाही म्हणजे?”

“माझ्या घड्याळात नुसती रेघ येतेय. मघापासून. आधी वाटलं माझंच नेट गेलं. तू जरा बाबांचा फोन बघ.”

ती तशीच चिंचेच्या हातांनी देवघरात धावली. देवीच्या तसबिरीशेजारी, लाल कापडाच्या घडीवर, नवऱ्याचा फोन नेहमीच्या जागी होता. वायर लावलेली होती. पण काच काळी. बाजूची कळ दाबली, परत दाबली, दाबून धरली. काही नाही. काचेवर चिंचेचा ठसा तेवढा उमटला.

“बंद पडलाय रे,” ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला परका वाटला.

आकडा म्हणजे चंद्रकांताबाईंच्या, तिच्या सासूबाईंच्या, रक्तातली साखर. त्यांच्या दंडाच्या मागच्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा बिल्ला चिकटवलेला असे. त्याच्या पोटात केसासारखी सुई. ती अंगातली साखर मोजायची आणि जवळच्या फोनला कळवायची. साखर फार चढली की फोन ओरडायचा, फार उतरली की त्याहून मोठ्याने ओरडायचा. बिल्ल्याचे दिवस भरले की काढून टाकायचा आणि नवा लावायचा. एकच गोष्ट होती. लावताना ज्या फोनशी पहिली गाठ घालून द्यायची त्याच फोनशी तो बिल्ला शेवटपर्यंत बोलणार. दुसऱ्या फोनला तो ओळखही देत नसे.

हे सगळं घरात आलं ते मागच्या श्रावणातल्या एका दुपारमुळे. प्रेमला मूळची शिरगावची. माहेरी किल्ल्यामागे फुलांची वाडी होती; पहाटे कळ्या खुडताना आईबरोबर अभंग म्हणत ती वाढली. लग्न होऊन घिवलीला आली तेव्हा सोबत चार साड्या आणि तो गळा एवढंच घेऊन आली. सासरी नारळीची वाडी, दोन विहिरी, आणि तिखट जिभेची सासू. पण गुरुवारच्या भजनाला जायला चंद्रकांताबाईंनी तिला कधी अडवलं नाही. “जा, तिकडं बोंबल, घरात नको,” एवढंच म्हणत. त्या गुरुवारी प्रेमला देवळात मृदंगाच्या ठेक्यात रंगली असताना शेजारची कीर्ती पदर खोचून धावत आली. सासूबाई वाडीत, विहिरीच्या कठड्याशी, ओल्या मातीत पडलेल्या. साखर उतरली होती. बोईसरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत प्रेमलाने देवीला काय काय बोलून ठेवलं ते तिचं तिलाच ठाऊक. म्हातारी वाचली. प्रेमला मात्र त्यानंतर भजनाला गेली नाही.

मितेश सुट्टी काढून आला तो बिल्ल्याची डबी घेऊनच. चंद्रकांताबाई काही केल्या लावून घेईनात. शेवटी कमलाकांतने, त्यांच्या मुलाने, खिशातलं ओळखपत्र दाखवत समजूत काढली. तो तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात कामाला. “आई, आत गेलो की मीपण छातीला बिल्ला लावतो. अंगाला किती किरणं लागली ते तो मोजतो. आमचे सगळे आकडे ऑफिसात जमा असतात. तसाच हा.”

“तुज्यासारखाच?”

“माझ्यासारखाच.”

“मंग लावा. पन त्याचा आकडा तुज्याच फोनात ऱ्हाऊ दे. सुनेच्या फोनात नको. माज्या आंगात काय चाललंय ते तिला कशाला?”

प्रेमला स्वयंपाकघरात तव्यावरची भाकरी उलटत होती. तिने ऐकलं आणि भाकरी उलटली.

मितेशने आजीचं ऐकलं. बाबांचा फोन, बाबांचा नंबर, बाबांच्या नावाचं खातं. आणि दुसऱ्याच दिवशी घोळ समोर आला. केंद्रात फोन आत नेता येत नाही. गेटवर खणात ठेवून जावं लागतं. म्हणजे आजीचा दंड घिवलीच्या ओटीवर आणि तिचा आकडा घेणारा फोन गेटच्या खणात! फोन लांब गेला की बिल्ला मुका. शेवटी कमलाकांतने आपलं सिम काढून जुन्या साध्या फोनात घातलं, तो साधा फोन रोज गेटपर्यंत न्यायला लागला, आणि चांगला फोन घरच्या वायफायवर घरीच राहिला. देवघराला आणि सासूबाईंच्या खाटेला एकच भिंत, शिवाय देवाच्या दिव्यांच्या माळेसाठी बटणाचा बोर्ड तिथे होताच. म्हणून फोन देवघरात बसला.

तेव्हापासून प्रेमलाची पूजा बदलली. तसबिरीला गंध लावताना डोळा आकड्यावर. जपाची माळ ओढताना अंगठा मण्यावरून कधी काचेवर गेला ते कळतही नसे. रात्री कूस बदलली तरी भिंतीपलीकडे कान. पूर्वी ती सासूबाईंच्या मानेवर हाताची मागची बाजू टेकवून सांगायची, “आई, आधी दोन घास खा, मग बोला.” आता हात लावायची सवयच गेली होती. आकडा सांगतोय ना, मग हात कशाला? बोट टोचून रक्त तपासायचं जुनं मशीन कपाटात होतं, पण पट्ट्यांची डबी रिकामी झाली ती झालीच. बिल्ला आहे म्हणून परत कुणी आणली नाही.

“मम्मी? ऐकतेस ना? वायर बदलून बघ.”

“बघितली. काही होत नाही.”

“सकाळी चालू होता ना?”

होता. सकाळी आकडा बघूनच तिने इन्शुलिनचं इंजेक्शन दिलं होतं. काल दसऱ्याला सासूबाईंनी श्रीखंड मागून मागून घेतलं, त्यामुळे आकडा चढलेलाच होता. सुई टोचून घेतली आणि मग त्या रुसल्या. “काल वाटीभर दिलंन, आज सुई भोसकतेय,” म्हणत अर्धी भाकरी ताटात टाकून उठल्या. अर्धी भाकरी. प्रेमलाला आता ती अर्धी भाकरी डोळ्यांसमोर दिसायला लागली.

आणि तेव्हाच दुसरंही काही दिसलं. फोनखालचं लाल कापड. त्यावर काल सांडलेल्या अक्षता. दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा ती करत असे. विळी, कोयता, विहिरीचा पंप, मिक्सर. यंदा तिने फोनही मांडला होता. सासूबाईंचा जीव राखणारं हत्यार, त्याला कसं वगळायचं? ताटात तांदळाची रास केली, कलश रोवावा तसा फोन त्यात उभा रोवला, काचेला हळदकुंकवाची बोटं लावली, फुलाने वरून पाणी शिंपडलं. दिवसभर तो तसाच उभा होता. रात्री वायर लावताना ती नीट आत जात नव्हती, पण तिने जोर देऊन बसवली होती. लाल रेघेवर चार्जिंग होतं हे सकाळी आकडा बघताना दिसलंही असेल. पण तिने आकड्यापलीकडे बघितलंच नव्हतं.

“मितेश, मी बोईसरला जाते. वर्षाराणीच्या मोबाइलच्या दुकानात.”

“आजीला?”

“बरोबर नेते. फोन सुरू झाला की दंड शेजारी हवा ना.”

कमलाकांतला कळवायचा प्रश्नच नव्हता. तो पहिल्या पाळीला आत होता.

चंद्रकांताबाई ओटीवर पाय पसरून अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या. प्रेमलाने केळं सोलून पुढे धरलं.

“आई, एवढं खा.”

“आकडा काय बोलतो?”

“फोन बंद पडलाय. तुम्ही खा आधी.”

“रोज आकडा बगून नाय म्हनतेस. केला नको, चिकू नको, भात चमचाभर. आज आकडा बगून हो म्हन, मंग खाईन.” सासूबाईंनी सुपारीचा तुकडा गालात टाकला. “आनि त्या फोनाला काय झाला?”

“काही नाही. वायर खराब झाली.”

“कुंकू लावत होतीस त्याला. मी बगितलंय. उद्या सत्यनारायन घाल त्याचा.”

केळं तसंच हातात राहिलं. जबरदस्ती करावी, तर सकाळचा आकडा चढलेला होता. अजून चढला तर? न द्यावं, तर इंजेक्शन पोटात आणि भाकरी अर्धी. प्रेमलाला दोन्हीकडून भीती वाटत होती आणि दोन्हींना तोलायला समोर काही नव्हतं. जाताना तिने देवीपुढची खडीसाखर पदराच्या टोकाला बांधून घेतली. औषध म्हणून नव्हे, घरातून निघताना प्रसाद जवळ असावा म्हणून.

कोपऱ्यावरच्या रामाची रिक्षा मिळाली. सासूबाई मध्ये, प्रेमला कडेला, मेलेला फोन मांडीवर लाल कापडात गुंडाळलेला.

“काय आजी, बाजार काय?” रामाने आरशातून विचारलं.

“बाजार नाय बाबा. फोनाला दवाखान्यात नेतो. मी आपली सोबतीला.”

रामा हसला. प्रेमलालाही हसू यायला हवं होतं. कारखान्यांचा रस्ता सुरू झाला, ट्रकमागे ट्रक उभे. दसऱ्याच्या झेंडूच्या माळा बंपरवर अजून लोंबत होत्या. ऊन चढत होतं. ती दर थोड्या वेळाने सासूबाईंकडे बघत होती आणि मनात अंदाज बांधत होती. ओठांवर घाम आहे. पण घाम मलाही आहे. डोळे मिटलेत. पण रिक्षात त्या नेहमीच मिटतात. आकडा असता तर एका नजरेत कळलं असतं.

मध्येच मितेशचा फोन. “पोचलात?” थोड्या वेळाने परत. “पोचलात का?” तिसऱ्यांदा सासूबाईच म्हणाल्या, “सांग त्याला, म्हातारी अजून हाय.”

नवापूर रोडला वर्षाराणीचं दुकान म्हणजे दोन हात रुंदीची टपरी. ती सोलापूरकडची, नवरा कारखान्यात आणि ही मोबाइल दुरुस्त करणारी. समोर रात्रपाळी संपवून आलेल्या कामगारांची गर्दी. “भाभी, मेरा डिस्प्ले देखो ना,” “दीदी, पहिले मेरा.” प्रेमलाने सासूबाईंना बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि गर्दीतून हात पुढे केला.

“आधी माझं बघ गं. सासूबाईंच्या शुगरचं आहे.”

वर्षाराणीने फोन घेतला, खालच्या भोकात टॉर्च मारला आणि डोळे बारीक केले. मग पिन घालून हळूच काहीतरी ओढलं. काचेवर तांदळाचा फुगलेला दाणा पडला. त्यामागून कुंकवाचा लाल चिखल.

“काकी,” ती म्हणाली, “उपास होता का फोनचा? पारणं केलंय त्यानं.”

मागचे दोघे खो खो हसले. प्रेमलाचे कान तापले. “पूजा केली होती,” ती पुटपुटली.

“करा की. मीपण माझी हत्यारं पुजली काल. पण भोकं झाकून.” वर्षाराणीने ब्रश फिरवला, फुंकर मारली, स्पिरिटचा थेंब सोडला. “सुकू द्या जरा. मग वायर लावते.”

प्रेमला काउंटरला चिकटून उभी राहिली. त्या काळ्या काचेवरून तिची नजर हलत नव्हती. वायर लागली. वाट बघणं. मग काचेच्या मधोमध एक लाल बारीक रेघ, मग कंपनीचं चिन्ह, आणि तिच्या तोंडून “आई गं, माउली” निघून गेलं. फोन उघडला. पण ॲप उघडल्यावर आकडा आला नाही. आली एक पांढरी पाटी.

“हे काय?”

“नवं अपडेट उतरवलं वाटतं ह्यानं. परत ओळख पटवा म्हणतंय.” वर्षाराणीने वाचलं. “नंबरवर कोड पाठवलाय. कमलाकांत कोण, काका ना? त्यांच्या नंबरवर. बघा मेसेज.”

“त्यांचा नंबर इथे नाही.”

“मग?”

“साध्या फोनात आहे. तो गेटवर खणात आहे. हे आत आहेत.”

वर्षाराणीने तिच्याकडे बघितलं. “मग ते बाहेर आल्यावरच उघडणार की.”

“पण बिल्ला त्यांच्या हातावर नाही गं! तो बघ, तिथे बाहेर बसलेल्या बाईच्या हातावर आहे. इथून दोन हातांच्या अंतरावर! साखर त्यांची, हात त्यांचा, फोन आमचा. आणि आकडा नाही दाखवायचा म्हणजे काय?”

“खातं काकांचं आहे काकी. मी काय करणार? तुमच्या नंबरवर असतं तर आत्ता उघडलं असतं.”

प्रेमलाने मितेशला लावला. तो भरभर बोलायला लागला. त्याच्याकडे फक्त बघायची परवानगी होती, खातं उघडायची नाही. कस्टमर केअरला लिहितो. आकडे कुठे जात नाहीत, सगळे तिकडे जमा आहेत, काळजी करू नको. “जमा आहेत” हे शब्द त्याने दोनदा म्हटले. प्रेमलाला वाटलं, कुठे जमा आहेत? कुणासाठी?

“मम्मी, अजून एकदा कोड मागव, मी बाबांच्या ऑफिसच्या लँडलाइनवर...”

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की बऱ्याच वेळात मागून एकही टोमणा आलेला नाही.

चंद्रकांताबाईंना गर्दी दिसली की त्या गप्प बसत नसत. भय्या लोकांच्या केसांवर, दुकानातल्या पाटीवर, सुनेच्या उभं राहण्यावर, काहीतरी म्हणायच्याच. आत्ता त्या खुर्चीत बसून समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. अडकित्ता मांडीवर, बोटं त्यावर सैल.

“आई?”

त्यांनी मान वळवली. “पारू,” त्या म्हणाल्या, “खाडी भरली का गो? मंग जाऊ घरी.”

पारू म्हणजे त्यांची धाकटी बहीण. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

फोनमधून मितेश “मम्मी, मम्मी” करत होता. प्रेमलाने तो काउंटरवर तसाच ठेवला. ती खाली बसली आणि कितीतरी दिवसांनी सासूबाईंच्या मानेवर हाताची मागची बाजू टेकवली. कातडी गार. उन्हात बसलेल्या बाईची कातडी गार, आणि केसांच्या मुळांशी चिकट घाम. तिचा हात ते ओळखत होता. डोकं तेवढं अजून सकाळच्या आकड्याला धरून बसलं होतं. चढलेला होता. चढलेला होता ना? साखर दिली आणि आणखी चढली तर?

मागच्या श्रावणात दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलेलं तिला आठवलं. शंका आली तर साखर द्या, विचार नंतर करा. चढली तर आम्ही उतरवू. फार उतरली तर आमच्यापर्यंत यायला वेळ मिळत नाही.

पदराची गाठ सुटेना. तिने ती दातांनी सोडवली. खडीसाखरेचे खडे सासूबाईंच्या ओठांशी धरले.

“आई, तोंड उघडा.”

“नको गो पारू. आये रागं भरल.”

“नाही भरणार. देवीचा प्रसाद आहे. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं.”

प्रसाद म्हटल्यावर चंद्रकांताबाईंनी तोंड उघडलं. एवढं मात्र कुठल्याही गोंधळात त्या विसरल्या नव्हत्या. खडे दाढेखाली कडकड वाजले. वर्षाराणी काउंटरखालून आपल्या चहाचा ग्लास घेऊन आली, भरपूर साखर ढवळलेला. गर्दीतला एक जण बाजूला सरकून सावली करून उभा राहिला. “माताजी को हवा आने दो,” तो मागच्यांना म्हणाला.

प्रेमलाने घोट घोट चहा पाजला. एक हात मानेवरून काढला नाही. आत काय चाललंय ते सांगणारं कुणी नव्हतं; बिल्ला दंडावर होता, त्याला सगळं कळत असणार, आणि तो गप्प होता. ती मनात देवीचं नाव घेत होती की नुसतंच मोजल्यासारखं काही करत होती, तिला कळत नव्हतं. समोरून ट्रक गेला. मग दुसरा. सासूबाईंची नजर त्या दुसऱ्या ट्रकच्या मागे वळली, आणि मग हळूहळू परत आली, सुनेच्या चेहऱ्यावर थांबली.

“ही नवरात्रातली साखर का गो?”

“हो आई.”

“मुंगी होती त्यात.” त्यांनी ग्लासात डोकावलं. “आनि हा च्या कुनाचा? उष्टा दिलंन मला?”

प्रेमलाने पदराने त्यांच्या मानेवरचा घाम पुसला. वर्षाराणी हसली आणि हसता हसता तिने डोळ्यांना हात लावला.

काउंटरवरचा फोन अजून चालू होता. “मम्मी! काय झालं?”

“आजी बरी आहे.”

“आकडा आला?”

“नाही.”

“मग कशावरून?”

“शिव्या देतेय,” प्रेमला म्हणाली. “नंतर बोलते रे.”

जवळच्याच दवाखान्यात तिने सासूबाईंना नेलं. तिथल्या नर्सने बोट टोचलं आणि सांगितलं, आता धोका नाही. पण रक्तातली साखर आणखी उतरू द्यायची नव्हती, बरं झालं खडीसाखर दिलीत. पोटभर खायला घाला, जरा वेळाने पुन्हा तपासा. प्रेमलाने समोरच्या हॉटेलातून उपमा आणून समोर बसून खायला घातला. सासूबाईंनी सगळा खाल्ला आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं.

रामा रिक्षा घेऊन थांबला होता. परत बसल्यावर प्रेमलाने नवऱ्याचा फोन पिशवीत टाकला. त्यावर पांढरी पाटी तशीच होती. संध्याकाळी कमलाकांत आला की कोड येईल, खातं उघडेल, मधल्या वेळाची रेघही कदाचित भरून येईल. तिला ती बघायची नव्हती. पण बघेल, हेही तिला ठाऊक होतं. बिल्ल्याशिवाय राहायची हिंमत तिच्यात नव्हती. आणि आता नुसत्या बिल्ल्यावर राहायचीही नव्हती. तिचा हात सासूबाईंच्या मानेवर होता. तो तिने तिथेच ठेवला.

“काढ गो तो हात. घाम येतो.”

“राहू दे.”

चंद्रकांताबाईंनी फार ताणलं नाही. रिक्षा हलली. थोड्या वेळाने बाहेर बघतच त्या म्हणाल्या, “ह्या बिल्ल्याचे दिवस कवा भरतात?”

“पुढच्या आठवड्यात.”

“मंग नवा लावशील तो ह्या डाव्या हाताला लाव. उजव्याला खाज येते.” जरा थांबून त्या परत म्हणाल्या, “तुजा तो तडा गेलेला फोन हाय, त्यात चालतो का तो?”

प्रेमलाने त्यांच्याकडे बघितलं. त्या बाहेरच बघत होत्या.

“चालेल बहुतेक. मितेशला विचारते.”

“विचार. कमल्याला आत सोडत नाय फोन घेऊन, त्याचा काय उपेग? पन सगल्या गावाला माजा आकडा सांगत फिरू नको.”

“नाही सांगणार.”

“कीर्तीला तर नायच.”

“नाही.”

“आनि कुंकू लावू नको त्याला.”

रामा पुढे बसून खांदे हलवत हसत होता. प्रेमलाला आता हसू आलं, पण पुरतं नाही, कारण हाताखालची कातडी कोमट आहे की तिचाच हात कोमट झालाय, हे ती पुन्हा तपासत होती. घरी पडवीत समई अर्धी काळी पडलेली होती, कोळ वाळून गेला असणार. दिवेलागणीपर्यंत ती पुरी करायला हवी. त्याआधी जेवण. त्याआधी, नर्सने सांगितल्याप्रमाणे, पुन्हा बोट टोचायचं. मशीन कपाटात आहे.

“रामा,” ती म्हणाली, “पुढच्या मेडिकलसमोर थांब. शुगरच्या मशीनच्या पट्ट्या घ्यायच्या आहेत.”